फतहुल्ला इमादुल्मुल्क आणि वऱ्हाडचे दोन गड

अकोला जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कडेवर नरनाळा किल्ला आहे. त्याच्या महाकाली दरवाजावरचा अरबी शिलालेख इ.स. १४८७ चा आहे. तिथून सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटरवर, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. तिथल्या फत्ते दरवाजावर पुढच्याच वर्षाची, १४८८ ची नोंद मिळते. दोन्ही कामे एकाच माणसाची, वऱ्हाडच्या इमादशाहीचा मूळपुरुष फतहुल्ला इमादुल्मुल्क याची. मध्ययुगीन वऱ्हाडात बांधकाम करविणारे बरेच होऊन गेले, पण दोन वर्षांत दोन डोंगरी किल्ल्यांचे रूप पालटून टाकणारा हा एकच.

त्याला वास्तुरचनाकार म्हणता येणार नाही. दगड घडवणाऱ्या पाथरवटांची आणि कमान चढवणाऱ्या गवंड्यांची नावे त्या काळी शिलालेखात क्वचितच येत. नाव कोरले जाई ते काम करविणाऱ्याचे, आणि त्याच्याही आधी त्याच्या धन्याचे. म्हणून वऱ्हाडच्या वास्तुकलेचा इतिहास लिहायचा तर तो करविणाऱ्यांच्या नावानेच लिहावा लागतो. घडवणारे हात दिसतात ते कामात.

हे हात फतहुल्लाच्या पुष्कळ आधीपासून या मुलखात होते. अकोल्याजवळ बार्शी टाकळीला काळ्या दगडातले देवीचे मंदिर आहे, त्यावर शके १०९८ म्हणजे इ.स. ११७६ चा लेख आहे. लोणारचे दैत्यसूदन मंदिरही याच परंपरेतले. लोक या साऱ्याला सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण बार्शी टाकळीचे मंदिर यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचे आहे. चुन्याच्या आधाराशिवाय दगडात दगड बसवणारी, खांबाच्या बोटभर जागेतही नक्षी कोरणारी ही परंपरा यादव गेल्यावर एका दिवसात नाहीशी झाली असेल हे संभवत नाही. आश्रयदाते बदलले, देवळांऐवजी तट, दरवाजे, मशिदी आणि हौद बांधून घेतले जाऊ लागले.

बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले आणि वऱ्हाड त्याचा उत्तरेकडचा तरफ, म्हणजे प्रांत ठरला. ठाणे अचलपूरला, त्या वेळच्या नावाने एलिचपूरला. या प्रांताचे दुखणे उत्तरेला होते. सातपुड्याच्या पलीकडे माळव्याचा सुलतान होशंगशाह आणि मध्ये खेरल्याचे राज्य. घाटवाटा उतरून आलेली फौज एका दिवसात अचलपुराच्या काळ्या सपाट जमिनीवर पसरू शके, आणि तिथे तिला अडवायला ना टेकडी ना मोठी नदी. अहमदशाह वली बहमनी १४२५ च्या सुमारास वर्षभर अचलपुरात मुक्काम ठोकून होता. गाविलगड त्याने बांधला आणि नरनाळा दुरुस्त केला, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. गाविलगड त्याने कोऱ्या डोंगरावर उभा केला असे मात्र समजू नये. किल्ल्याचे नावच गवळ्यांचे आहे, आणि तिथे आधी गवळ्यांची मातीची गढी होती असे परंपरा सांगते. गुरे राखणाऱ्यांनी पाण्याची आणि चाऱ्याची जागा हेरायची, आणि मागाहून सुलतानाने तिला तट घालायचा, असा हा क्रम दिसतो.

फतहुल्लाचे मूळ विजयनगरच्या मुलखातले. कानडी ब्राह्मण घराण्यात जन्मलेला हा मुलगा १४२२–२३ च्या स्वारीत बहमनी फौजेच्या हाती सापडला. वऱ्हाडचा सुभेदार खान-ए-जहान याच्या पदरी तो मुसलमान म्हणून वाढला आणि त्याच्याच चाकरीत वर चढला. पुढे बहमनी वजीर महमूद गवानच्या काळात त्याला इमादुल्मुल्क हा किताब आणि वऱ्हाडची सुभेदारी मिळाली. गवानने मोठे तरफ फोडून चाराचे आठ केले. वऱ्हाडचेही दोन भाग झाले. दक्षिणेकडच्या भागाला माहूरचे नाव मिळाले आणि तो खुदावंदखान हबशीकडे गेला. उत्तरेकडच्या भागाला गाविलचे नाव पडले, तो फतहुल्लाकडे राहिला. नाव अचलपूरचे न देता गडाचे दिले, यातच त्या काळी सत्ता कशावर उभी होती ते कळते.

गवानचा दुसरा नियम या गोष्टीत जास्त महत्त्वाचा आहे. प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला राहील आणि बाकीच्या किल्ल्यांवर किल्लेदार नेमण्याचा अधिकार राजधानी बिदरच्या दरबाराचा राहील, असे त्याने ठरवले होते. सुभेदार शिरजोर होऊ नयेत म्हणून ही तजवीज होती, आणि ती नेमक्या जागी बोचली. दरबारी कारस्थानातून ५ एप्रिल १४८१ रोजी गवानचा शिरच्छेद झाला. त्यानंतर सहा-सात वर्षांत वऱ्हाडचा सुभेदार नरनाळा आणि गाविल अशा दोन्ही गडांवर बांधकामे काढतो. एकच किल्ला ठेवण्याचा नियम किती दिवस टिकला, त्याचे हे दगडी उत्तर. नरनाळ्याच्या लेखात शहाबुद्दीन महमूदशाह बहमनीचे नाव मानाने घेतलेले आहे. शब्दांत चाकरी आणि कामात राज्य, असा तो दरवाजा आहे. इमादशाही स्वतंत्र झाल्याचे वर्ष बहुतेक इतिहासकार १४९० धरतात, काही १४८४ सांगतात. दरवाजांकडे पाहिले तर हा वाद फारसा महत्त्वाचा राहत नाही. १४८७ मध्ये राज्याची तयारी पुरी झालेली दिसते.

नरनाळा म्हणजे खरे तर तीन किल्ल्यांचा जुडगा. मधला मोठा नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड. मधल्या किल्ल्याचे क्षेत्र जुन्या गॅझेटियरांत ३९२ एकर दिले आहे. शहानूर गावाकडून चढताना वाट एकामागून एक दरवाजे ओलांडत जाते. खालच्या दरवाजावर शरभ कोरलेला आहे, वाघासारख्या अंगाचा आणि वाघापेक्षा उग्र चेहऱ्याचा. तो वाटसरूला धाक घालण्यासाठी. पुढे मेहंदी दरवाजा लागतो, आणि मग महाकाली दरवाजा येतो तेव्हा धाक दाखवण्याचा विषय संपलेला असतो. हा दरवाजा पाहुण्याला थबकवण्यासाठी बांधलेला आहे.

सातपुड्याच्या या कडेवर आणि खालच्या साऱ्या वऱ्हाडात दगड म्हटला की काळा बेसॉल्ट. महाकाली दरवाजा मात्र फिकट, पांढरट वालुकाश्माचा. काळ्या तटाच्या मध्ये तो दुरूनच वेगळा दिसतो. मधल्या कमानीभोवती अरबी अक्षरांच्या ओळी आहेत. अक्षरे इतकी दाट आणि उभी की न वाचता येणाऱ्यालाही ती नक्षी वाटावी. कमानीच्या अंगाला कमळे आणि फळे कोरलेली. दोन्ही बाजूंना तटाबाहेर झुकलेले सज्जे आहेत आणि त्यांच्या कठड्यांत दगडी जाळ्या. वालुकाश्म मऊ असल्याने त्यात छिन्नी खोल जाते. बेसॉल्ट कठीण, त्यात इतकी बारीक जाळी काढणे जिकिरीचे. म्हणून दगड बदलला तिथे कामाची पद्धतही बदलली. सज्जा पहारेकऱ्यासाठी म्हणावा तर इतका नाजूक कशाला, आणि शोभेसाठी म्हणावा तर किल्ल्याच्या ऐन दरवाजात कशाला? आत देवड्या आहेत, पहारेकऱ्यांना बसण्याची सोय आहे. लढाऊ दरवाजाला लागते ते सगळे आहे. पण पाहणाऱ्याच्या मनात राहतो तो सज्जा.

याच काळात बिदरमध्ये वेगळे काम चालू होते. महमूद गवानचा मदरसा १४७२ चा, त्याच्या दर्शनी भागावर आणि मिनारावर इराणी पद्धतीच्या रंगीत, चकचकीत फरश्या बसवलेल्या. राजधानीची फॅशन ती होती. फतहुल्लाने ती उचलली नाही. डोंगरावरचा पाऊस, वारा आणि धुके पाहता शहाणपणा म्हणावा, की हाताशी असलेले कारागीर दगडाचे होते म्हणून म्हणावे, ठरवणे कठीण आहे. कमळे मात्र दक्षिणेतल्या देवळांच्या छतांवर पिढ्यान्‌पिढ्या कोरली जात होती, आणि जाळीचे काम गुजरात-माळव्याच्या बाजूला त्या काळी ऐन भरात होते. महाकाली दरवाजात या दोन्ही सवयी एकत्र बसल्या आहेत. दख्खनच्या वास्तुकलेवरची पुस्तके बिदर, गुलबर्गा आणि विजापूर यांच्यातच रमतात आणि नरनाळ्याला चार ओळींत उरकतात. हा अन्यायच आहे.

दरवाजाच्या नक्षीइतकेच मोलाचे काम किल्ल्याच्या पोटात आहे, पाण्याचे. नरनाळ्यावर एकोणीस तलाव मोजलेले आहेत आणि त्यांतल्या सहांत बारमाही पाणी राहते. मोठा तो शक्कर तलाव. याखेरीज दगडी टाकी आहेत. ती किल्ल्याहून जुनी, जैनांच्या काळची असावीत असे गॅझेटियरकार म्हणतात. डोंगरी किल्ला तोफेने पडतो त्यापेक्षा तहानेने लवकर पडतो. तीन-चारशे एकरांचे पठार, त्यावर पडणारा सातपुड्याचा पाऊस आणि तो अडवणारे बांध, हे गणित जमले म्हणूनच नरनाळ्यावर शिबंदीबरोबर घरे, महाल आणि मशिदीही उभ्या राहू शकल्या. ‘आईने अकबरी’त अबुल फजल नरनाळ्याचा उल्लेख डोंगरावरचा बळकट आणि पुष्कळ इमारतींचा किल्ला म्हणून करतो.

गाविलगडचा स्वभाव निराळा. मोठ्या पठारावर दोन कोट आहेत. दक्षिणेला, जिथे कडा सरळ खाली तुटतो, तिथे आतला कोट आणि त्याला उत्तर-वायव्येकडून झाकणारा बाहेरचा कोट. उत्तरेकडून किल्ला डोंगराशी सपाट पट्टीने जोडलेला आहे. हीच त्याची दुबळी बाजू, आणि तिला झाकण्यासाठी बाहेर आणखी एक तट घातलेला. दिल्ली दरवाजा, फत्ते दरवाजा (पीर फत्ते असेही म्हणतात), वस्तापूर दरवाजा ही नावे आजही चालतात. पठारावर मोठी मशीद आहे. तिची सात कमानींची दर्शनी बाजू, आणि एका टोकाला उरलेली दगडी जाळ्यांची छत्री पाहिली की नरनाळ्याच्या सज्ज्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

दिल्ली दरवाजावर सिंह, हत्ती आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. गंडभेरुंड हे विजयनगरच्या बाजूचे चिन्ह. वऱ्हाडच्या इतिहासावर काम करणाऱ्या वुल्सी हेगने त्यावरून असा अर्थ काढला की लहानपणीच मुलखाला मुकलेल्या फतहुल्लाने आपल्या मूळ देशाची खूण दरवाजावर कोरून ठेवली. कल्पना मनाला भिडणारी आहे, आणि म्हणूनच जरा जपून घ्यावी. पकडला गेला तेव्हा तो लहान मुलगा होता आणि दरवाजा उभा राहिला तेव्हा सत्तरीकडे झुकलेला. शिवाय गंडभेरुंड दख्खनमधल्या इतरही किल्ल्यांवर, निरनिराळ्या राजवटींत, बळाचे चिन्ह म्हणून येतो. हत्तीला लोळवणारा पक्षी दरवाजावर बसवायला कानडी आठवणींची गरज नव्हती. तरीही वऱ्हाडात हे चिन्ह पहिल्यांदा ठसठशीत दिसते ते विजयनगरकडून आलेल्या माणसाच्या किल्ल्यावर, एवढे खरे.

फतहुल्लाच्या मृत्यूचे वर्ष बहुतेक ठिकाणी १५०४ दिलेले आढळते. त्याच्या मागे अल्लाउद्दीन, दर्या आणि बुऱ्हाण असे तिघे गादीवर आले. अल्लाउद्दीनने राहण्यासाठी गाविलगडच पसंत केला. अचलपूरच्या पश्चिमेला शेतात हौज कटोरा नावाची अष्टकोनी, तीन मजली इमारत आहे. कोरड्या हौदाच्या मधोमध ती उभी आहे आणि तिच्या कमानींतून वारा खेळतो. ती बहमनी-इमादशाही काळची मानतात. मूळचे मजले पाच होते आणि वरचे दोन मागाहून दगडांसाठी उतरवले, असेही सांगतात. इमादशाहीत युद्धाखेरीज निवांतपणासाठी काही बांधले गेले असेल तर ते हेच.

ज्या दोन किल्ल्यांवर घराणे उभे राहिले, त्यांतच ते संपले. शेवटचा राजा बुऱ्हाण लहान होता. त्याचा कारभारी तुफालखान दख्खनी याने त्याला नरनाळ्यावर कैदेत टाकले आणि राज्य स्वतः चालवले. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाला निमित्तच हवे होते. बुऱ्हाणला सोडवण्याच्या नावाने त्याने स्वारी केली. तुफालखान नरनाळ्यात शिरला, त्याचा मुलगा शमशेरुल्मुल्क गाविलगडात. १५७४ मध्ये दोन्ही किल्ले पडले, आणि ज्याला सोडवायचे त्या बुऱ्हाणलाही निजामशाहाने कैदेतच ठेवले. वऱ्हाड अहमदनगरला जोडले गेले. निजामशाही सुभेदार बहरामखानाने १५७७ मध्ये गाविलगडावर बुरूज बांधला, तो बुर्ज-ए-बहराम. जुन्या कामाला नवी जोड देण्यापलीकडे त्यात काही नाही. १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले, दोन वर्षांनी दोन्ही गडही त्यांच्याकडे गेले, आणि अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात गाविल आणि नरनाळा ही दोन सरकारांची नावे झाली.

मोगल काळापासून वऱ्हाडातले बांधकाम डोंगरावरून सपाटीवर उतरले. अकोल्याचा असदगड औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाने ओळखला जातो. बाळापुरात, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळचा किल्ला अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला. तिथेच नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची काळ्या दगडाची छत्री आहे. अमरावतीचा परकोट तर राजासाठी किंवा फौजेसाठी नव्हता, व्यापाऱ्यांसाठी होता. कापसाच्या पेठेत पैसा आला आणि पैशापाठोपाठ पेंढारी आले. म्हणून निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये शहराभोवती तट घालायला घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. जवाहर गेट, अंबागेट, खोलापुरी गेट ही नावे रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहेत. कोरीव काम शोधू गेले तर तिथे मिळत नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

फतहुल्लाच्या कामाची खरी कसोटी लागली ती तीनशे पंधरा वर्षांनी. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत इंग्रजांकडून हरलेली नागपूरकर भोसल्यांची फौज आपल्या ताब्यातल्या गाविलगडावर चढली. किल्लेदार होता राजपूत सरदार बेनीसिंग. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने, पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, दक्षिणेकडून तोफा लावल्या, पण त्या बाजूच्या तटापुढे त्या निरुपयोगी ठरल्या. खरे काम कर्नल स्टीव्हनसनकडे होते. ७ डिसेंबरला अचलपूरहून निघून, तीसेक मैल डोंगरात रस्ता काढत आणि जड तोफा माणसांनी व बैलांनी ओढत तो १२ तारखेला उत्तरेच्या लबाडा गावाशी पोहोचला. बांधणाऱ्यांना जी बाजू दुबळी वाटली होती तीच ही. १४ तारखेला रात्री बाहेरच्या तटाला खिंडार पडले, १५ ला हल्ला झाला. बाहेरचा कोट गेला तरी आतला शाबूत होता. दरवाजावर मारा करून उपयोग होईना. शेवटी कॅप्टन कॅम्पबेल काही शिपायांनिशी शिडी लावून तटावरून आत उतरला आणि दरवाजा आतून उघडला. बेनीसिंग दरवाजाजवळच लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वेलस्लीला पुढे १८१२ मध्ये स्पेनमधले सिउदाद रोद्रिगो आणि बादाहोस हे दोन कोट घ्यायचे होते. तटाला खिंडार पाडून शिड्यांनी कोटात शिरण्याचा धडा त्याने गाविलगडावर गिरवलेला होता.

देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, पण गाविल आणि नरनाळा हे दोन किल्ले आणि त्यांच्याभोवतीचे परगणे त्यांनी स्वतःकडे राखून घेतले. हरलेला राजाही हे दोन गड सोडायला तयार नव्हता. १८२२ मध्ये ते निजामाकडे गेले, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८५८ मध्ये, तात्या टोपे सातपुड्यात शिरून गाविलगडाचा आश्रय घेईल या धास्तीने, इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी मोडून टाकली.

आज नरनाळा अभयारण्यात आहे आणि मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. गडावर जायला शहानूरच्या नाक्यावर वनखात्याची परवानगी लागते. महाकाली दरवाजा उभा आहे आणि त्यावरची १४८७ ची अक्षरे अजून वाचता येतात.